अफूच्या पैशाचा पूल

चिकोडीहून निपाणीकडे येताना गाव दिसण्याआधी गावाचा वास येतो, हे आपल्या भागातील वाचकांस सांगावयास नको. हंगामाच्या दिवसांत तंबाखूचा तो उग्र दर्प वखारींच्या भिंती ओलांडून रस्त्यावर उतरतो. परगावच्या माणसास ठसका लागतो. येथे जन्मलेल्यास त्याची जाणीवही होत नाही. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात मोडत असे, आता तो स्वतंत्र तालुका झाला आहे. परंतु वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या काळ्या रानांचे आणि निपाणीच्या पेठेचे नाते सरकारी हद्दी बदलल्याने तुटलेले नाही.

ह्या पानाचा हिशेब मात्र सरळ नाही. दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या स्त्रियांच्या छातीत जी धूळ गेली, ती कोणत्याही पेढीच्या वहीत नोंदली गेली नाही. त्या स्त्रियांनी आपली संघटना बांधली, आणि १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ओब आली’ हा बोलपट निघाला, तेव्हा कोठे बाहेरच्या जगास त्यांची ओळख झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ साली, शरद जोशी यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला होता. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात त्यांतील १२ जण मृत्युमुखी पडले. आणि ह्याच व्यापारावर वर आलेल्या घराण्यांच्या देणग्यांतून शाळा आणि देवळे ह्यांना हातभार लागला, हेही तितकेच खरे. पिकविणारा एक, चाळणारी दुसरी, नफा तिसऱ्याचा, आणि खोकला दूर कोठे तरी विडी ओढीत बसलेल्या चौथ्याचा.

हे आपल्या घरचे कोडे आहे, म्हणून त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. पण हेच कोडे दोनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या मापात मुंबईत घातले गेले. तेथील वस्तू तंबाखूहून कितीतरी दारुण होती, अफू. आणि तिच्या व्यापारातून वर आलेल्या गृहस्थाचे नाव आज मुंबईतील प्रत्येक टॅक्सीवाल्याच्या तोंडी आहे. ‘जे. जे.’ म्हटले की पुरे. त्या नावाच्या खुणा निपाणीहून निघालेल्या प्रवाशास वाटेतच भेटू लागतात, म्हणून आपणही महामार्गानेच जाऊ.

कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा मागे टाकून पुण्यास पोहोचले की येरवड्याच्या पुलाजवळ मुळा-मुठा नदीवर एक जुना दगडी बांध दिसतो. त्याच्या शेजारच्या बागेस लोक ‘बंड गार्डन’ म्हणतात. आम्ही लहानपणी समजत होतो की तेथे कोणी तरी बंड केले असावे. ‘बंड’ म्हणजे साहेबाच्या तोंडातून फिरून आलेला आपलाच ‘बांध’. हा बांध सुमारे १८५० साली पुण्याच्या पाण्यासाठी घातला गेला आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी उचलला. पावसाळ्यानंतर बांधावरून पाणी पांढऱ्या चादरीसारखे खाली पडत असते. काठावर उभे असलेल्यांपैकी कोणासही देणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. एका म्हाताऱ्या माळ्याने मात्र, “कोणी पारशी होता, फार दानशूर,” एवढे सांगितले. त्याचे म्हणणे खरेच होते.

पुढे बोरघाट उतरून मुंबई. आपल्या गावांतून मुंबईस गेलेला ख्रिस्ती माणूस सप्टेंबरात सुट्टी मिळाली तर वांद्र्यास मोत माउलीच्या जत्रेला जातो आणि बुधवार साधला तर माहीमच्या सेंट मायकलच्या देवळात १९४८ पासून चालत आलेल्या नव्हेनाला उभा राहतो. माहीम आणि वांद्रे ह्यांच्या मध्ये खाडी आहे. आज बसमध्ये बसल्या बसल्या ती दोन मिनिटांत मागे पडते. १८४५ पूर्वी तेथे होडीवाचून गती नव्हती. पावसाळ्यात आणि भरतीच्या वेळी होड्या उलटत, माणसे बुडत. सरकारपुढे अर्ज झाले, पण सरकारास एवढ्या खर्चाची इच्छा नव्हती. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी आवाबाई ह्यांनी १,५७,००० रुपये पुढे केले आणि ह्या रस्त्यावर कोणाकडूनही पथकर घेऊ नये अशी अट घातली. १८४५ साली माहीमचा तो बांधरस्ता रहदारीस खुला झाला. माहीमकडून त्याला जाऊन मिळणाऱ्या मार्गास आजही ‘लेडी जमशेटजी रोड’ असेच नाव आहे.

ही अट मनास लागते. पथकर बसविला असता तर सर्वांत जड झाला असता तो डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या कोळिणीस आणि अनवाणी जत्रेस निघालेल्या गरिबास. दान देणारीस हे कळत होते. तेव्हा जमशेटजी आणि आवाबाई ह्यांचे औदार्य दिखाऊ होते असे म्हणणारास हा रस्ता एकदा पायी ओलांडून पाहावा असेच आम्ही सांगू.

परंतु पैसा आला कोठून?

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. घराणे नवसारीकडचे, परिस्थिती गरिबीची. सोळा-सतरा वर्षांचे असतानाच आईबापांचे छत्र गेले. आसरा मिळाला तो मुंबईत बाटल्यांचा धंदा करणाऱ्या फ्रामजी ह्या आप्ताकडे. म्हणूनच काही काळ जमशेटजीही ‘बाटलीवाला’ म्हणून ओळखले जात. त्याच घरची कन्या आवाबाई पुढे त्यांची पत्नी झाली. शिक्षण बेताचे, भांडवल नाही, जवळ होती ती हिंमत आणि हिशेबाची जाण. मुंबईहून चीनला कापूस जात असे आणि त्याबरोबर, अधिकाधिक, अफू. जमशेटजींनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या.

१८०५ सालच्या सफरीत ‘ब्रन्सविक’ नावाचे जहाज लंकेच्या किनाऱ्यानजीक फ्रेंचांनी पकडले आणि कैद्यांस थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे नेले. जमशेटजींचे सर्वस्व गेले. पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा स्कॉटिश वैद्य होता. पुढे वैद्यकी सोडून हा जार्डिन व्यापारात शिरला आणि १८३२ साली त्याने मॅथेसन ह्या भागीदारासह चीनमध्ये जी पेढी स्थापन केली, ती अफूच्या व्यापारातील अग्रगण्य पेढी ठरली. मुंबईत माल गोळा करणारे जमशेटजी, चीनमध्ये तो विकणारा जार्डिन. कैदेत जुळलेल्या ह्या स्नेहावर दोघांचे ऐश्वर्य उभे राहिले.

माल येत होता माळव्यातून. येथे आपल्या इतिहासाचा एक धागा गुंतला आहे. बंगाल-बिहारकडील अफूवर इंग्रज कंपनीचा पूर्ण मक्ता होता. कोणी किती पेरावे, कोणत्या भावाने कंपनीस द्यावे, सर्व ठरलेले. परंतु माळवा होता शिंदे-होळकरांचा, आणि इतर लहानमोठ्या संस्थानिकांचा. उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसौर ह्या बाजारपेठांवर कंपनीचा हुकूम चालेना. तेथील शेतकरी हिवाळ्यात खसखशीचे पीक घेई. बोंडे भरली की दुपारनंतर बारीक पात्यांच्या हत्याराने त्यांवर उभ्या चिरा पाडावयाच्या आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यावयाचा, हे काम सारे कुटुंब मिळून करी. सावकाराने पेरणीलाच उचल दिलेली असल्यामुळे चीक हाती येण्यापूर्वीच त्याचा भाव ठरलेला असे. तंबाखूवर उचल घेतलेल्या आपल्याकडील शेतकऱ्यास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

चीक तेलात मुरवून, गोळे वळून, पेट्यांत भरला जाई. एका पेटीत साधारण ६० किलोंहून थोडा अधिक माल. कंपनीने ह्या मालास मुंबई बंदरात मज्जाव केला; पण मज्जावाने व्यापार थांबत नाही, तो वाट बदलतो. बैलांच्या तांड्यांवरून माल पोर्तुगीजांच्या दमणला किंवा राजपुतान्याच्या वाळवंटातून सिंधमधील कराचीस जाऊ लागला आणि तेथून जहाजांवर चढू लागला. अखेर १८३१ च्या सुमारास कंपनीने शहाणपणाचा (की निर्लज्जपणाचा म्हणावे?) निर्णय घेतला: दर पेटीमागे जकात भरा, परवाना घ्या, आणि माल खुशाल मुंबईतून न्या. तेव्हापासून मुंबईचे भाग्य उजळले असे म्हणतात.

आता चीनकडील टोक. चीनच्या बादशहाने १७२९ पासूनच अफूविरुद्ध फर्माने काढली होती, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस आयातीवरही बंदी घातली होती. ही गोष्ट व्यापाऱ्यांस पुरती ठाऊक होती. म्हणून तर अफूची जहाजे कँटनच्या बंदरात शिरत नसत. नदीच्या मुखापाशी लिंटिन नावाचे बेट आहे, तेथे माल साठविणाऱ्या जहाजांचा तळ असे. पैसे कँटनमध्ये मोजून चिठ्ठी घ्यावयाची आणि रात्री अनेक वल्ह्यांच्या चपळ होड्यांनी तो माल किनाऱ्यावर न्यावयाचा. अंमलदारांस लाच ठरलेली. ‘त्या काळी अफूचा व्यापार कायदेशीर होता’ असे जे सांगितले जाते ते भारतापुरते आणि विलायतेपुरते खरे आहे. ज्या देशात माल खपावयाचा होता तेथे ती उघड चोरटी आयात होती. आज आपल्या देशात १९८५ च्या कायद्याने अशा व्यापारास दीर्घ कारावासाची शिक्षा आहे आणि तो करणाराचे नाव वर्तमानपत्रांत ‘माफिया’ ह्या शब्दास जोडून येते.

१८३८-३९ च्या सुमारास वर्षाकाठी ४०,००० च्या आसपास पेट्या चीनमध्ये जात होत्या. एका पेटीतील अफू किती घरांतील चूल विझवीत असेल, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आपल्याकडे जुन्या काळी मजुरीस जाणाऱ्या आया तान्ह्या मुलास निजविण्यासाठी अफूमिश्रित बाळगोळी देत. त्या एवढ्याशा गोळीने मूल कसे सुकत जाई, हे आमच्या आजीने पाहिले होते आणि ती ते सांगताना आवाज खाली आणीत असे.

जमशेटजींच्या पेढीत प्रमुख भागीदार होते ते असे: मोतीचंद अमीचंद हे जैन, महमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रॉजर द फारिया हे गोव्याकडील घराण्याचे कॅथलिक. मालक पारशी. चार धर्मांची माणसे इतक्या सलोख्याने आणि परस्परविश्वासाने नांदल्याचे उदाहरण त्या काळच्या मुंबईत विरळाच, आणि ते एकत्र आले अफूसाठी.

फारियांविषयी आपल्या वाचकांस थोडे अधिक सांगणे अवश्य आहे; कारण ह्या कथेत दुसऱ्याकडे बोट दाखविणे फार सोपे आणि आपल्या माणसाचे नाव गाळणे त्याहून सोपे. रोजेरियो द फारिया हे मुंबईतील मातब्बर व्यापारी. त्यांचा व्यवहार मकावपासून ब्राझीलपर्यंत पसरलेला होता. इंग्रजांनी मुंबईची वाट बंद केली तेव्हा पोर्तुगीज सत्तेखालील दमण बंदराचे महत्त्व ओळखणाऱ्यांत ते अग्रभागी होते. दमणच्या गोदीत बांधलेली जहाजे आणि दमणहून सुटणारा माळव्याचा माल ह्यांवर त्यांचे वैभव उभे राहिले. आज दमणला समुद्रकिनारी हिंडावयास जाणारे लोक किल्ल्याच्या तटावर उभे राहून सूर्यास्त पाहतात. त्याच तटाखालून हा माल बाहेर पडत होता.

फारियांची अखेर निराळी झाली. १८३५ साली बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोव्याच्या सर्वोच्च पदावर बसले. त्या जागी बसणारे ते पहिलेच गोमंतकीय. काही दिवसांतच गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि सैन्याने त्यांस पदच्युत केले आणि त्यांना मुंबईस आश्रय घ्यावा लागला. त्यांची पुनःस्थापना व्हावी म्हणून फारियांनी पैसा ओतला. समुद्रमार्गे गोव्यावर जाण्याचा जो प्रयत्न झाला तो तुफानाने मोडला. त्या दशकाच्या अखेरीस फारियांची पेढी बुडाली. तेव्हा त्यांना काय म्हणावे? अफूचा सौदागर, की गोव्याच्या माणसास गोव्यात मान मिळावा म्हणून आपले गलबत बुडवून घेणारा स्वाभिमानी पुरुष? आम्हांस दोन्ही खरे दिसते. एक मात्र नक्की, की फारियांनी मुंबईत जे. जे. सारखे रुग्णालय मागे ठेवले नाही, म्हणून त्यांचे नावही उरले नाही.

इकडे चीनमध्ये १८३९ साली लिन झेशू नावाचा करडा आणि प्रामाणिक अधिकारी कँटनला आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी केली आणि २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेऊन समुद्रकिनारी खणलेल्या हौदांत मीठ आणि चुना घालून त्या अफूचा नाश केला. व्हिक्टोरिया राणीस उद्देशून त्याने पत्रही लिहिले होते. ज्या वस्तूचा घात तुम्ही आपल्या प्रजेस होऊ देत नाही तो आमच्या प्रजेस का, अशा आशयाचे. उत्तर आले ते लढाऊ जहाजांचे. तीन वर्षांच्या युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग बेट इंग्रजांस मिळाले, आणि जी अफू नष्ट केली तिची भरपाई म्हणून ६० लाख डॉलर चीननेच भरावयाचे ठरले. विष ओतून टाकल्याबद्दल दंड!

त्याच १८४२ साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. १८५७ साली त्यांस ‘बॅरोनेट’ करण्यात आले, तेही पहिलेच.

दानाचा ओघ मात्र किताबांच्या आधीपासून वाहत होता हे सांगितलेच पाहिजे. १८२२ साली मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांनी त्यांस मोकळे केले. मग रुग्णालयासाठी एक लाख रुपये. १८४५ साली भायखळ्यास ते जे. जे. रुग्णालय सुरू झाले आणि शेजारीच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय. १८५३ साली कलाशिक्षणासाठी आणखी एक लाख. त्यातून १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली. गुरांच्या चराईसाठी त्यांनी जमीन विकत घेऊन मोकळी ठेवली आणि त्यावरूनच चर्नी रोड हे नाव पडले असे सांगतात. १४ एप्रिल १८५९ रोजी ते वारले, तोवर त्यांच्या दानांची बेरीज २,३०,००० पौंडांवर गेली होती असे मानले जाते. त्या काळच्या भावाने ते २३ लाख रुपये होतात.

भायखळ्यास ह्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ काढली म्हणजे मतभेदाचे शब्द घशात अडकतात. बिहारचा हमाल, रत्नागिरीची म्हातारी, पोटाशी मूल धरलेली बुरखेवाली, हातात केसपेपर घेऊन सारे एकाच रांगेत. कोणास जात विचारली जात नाही. आपल्याकडील रोगी बहुधा मिरज, कोल्हापूर नाही तर बेळगाव गाठतो; परंतु गिरण्यांच्या काळी मुंबईस गेलेल्या आपल्या माणसांपैकी कित्येकांचे प्राण ह्याच वास्तूत वाचले असतील. कलाशाळेचे तर काय सांगावे? कोल्हापूरचा एक मुलगा, महादेव विश्वनाथ धुरंधर, १८९० साली तेथे शिकावयास गेला आणि पुढे त्याच शाळेत मोठ्या पदास चढला. त्याच्या चित्रांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांस शिवाजी महाराज कसे दिसत असतील ते दाखविले. हे सारे पुसून टाका असे कोण म्हणेल?

तरी त्या काळीही सर्वांचेच मन निर्धास्त नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विलायतेच्या लोकसभेत लॉर्ड ॲशली ह्यांनी १८४३ सालीच अफूच्या व्यापाराविरुद्ध ठराव आणला होता. आणि प्रत्यक्ष पारशी समाजातील दादाभाई नवरोजी १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले असता, अफू आणि मद्य ह्यांच्या विक्रीतून येणारा नफा घेणे त्यांस रुचेना. काही वर्षांतच त्यांनी ती भागीदारी सोडली. तेव्हा ‘त्या वेळी कोणासच त्यात वावगे दिसत नव्हते’ हा बचाव टिकत नाही. दिसणारास दिसत होते.

अलीकडे हा वाद नव्याने निघाला आहे. इतिहासकार अमर फारुकी ह्यांनी २००६ साली लिहिलेल्या पुस्तकात मुंबईस सरळ अफूचे शहर म्हटले. अमिताव घोष ह्यांच्या कादंबऱ्यांनी आणि २०२३ सालच्या ग्रंथाने ही कहाणी जगभर पोहोचविली. जमशेटजींच्या बाजूने बोलणारे म्हणतात, इंग्रज आणि अमेरिकन व्यापाऱ्यांनी ह्याच पैशावर वाडे बांधले, ह्या माणसाने निदान रुग्णालय बांधले. आणि पारतंत्र्यात असलेल्या व्यापाऱ्यास निवड तरी किती होती? विरुद्ध बाजू म्हणते, जार्डिनला वाईट म्हणावयाचे आणि त्यास माल पुरविणारास महात्मा, हा न्याय कोणता? आम्हांस पहिल्या पक्षाचे निम्मे पटते. निवड कमी असेल. दादाभाईंएवढी तरी होती.

शुभवर्तमानात चांदीच्या तीस नाण्यांची गोष्ट आहे. यहूदाने ती परत आणून टाकली तेव्हा मुख्य याजकांस प्रश्न पडला की रक्ताचे हे मोल मंदिराच्या खजिन्यात कसे घालावे; मग त्यांनी त्यांतून कुंभाराचे शेत विकत घेऊन परक्यांसाठी स्मशानभूमी केली. म्हणजे धर्मादायच केला, आणि गरज असलेला धर्मादाय. तेथे पुरला गेलेला कोणी परदेशी त्या पैशाचा दोषी नव्हता, जे. जे. रुग्णालयात खाट मिळालेला रोगीही नाही, आणि माहीमचा रस्ता ओलांडून मोत माउलीस जाणारे आपणही नाही. पण जक्कयाचीही गोष्ट शुभवर्तमानात आहे. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे कबूल केले आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांस लुबाडले त्यांस चौपट परत देण्याचीही भाषा केली. देणे आणि परत देणे ह्या दोन स्वतंत्र रकमा आहेत, हे त्या जकातदारास कळले होते. जमशेटजींच्या दानांची यादी आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. मुंबई आहे, पुणे आहे, नवसारी आहे, सुरत आहे. कँटन कोठे दिसले नाही.

माळव्यात आजही खसखस पिकते. मंदसौर आणि नीमचकडील शेतकरी सरकारी परवान्याने पेरणी करतात, चीक सरकारच्याच हवाली करतात आणि त्यापासून रुग्णांच्या वेदना शमविणारी औषधे होतात. फेब्रुवारीत तिकडे गेल्यास पांढऱ्या फुलांची ती शेते पाहावयास मिळतात. त्या फुलांस वास जवळजवळ नाही. निपाणीच्या माणसास त्याचे नवल वाटेल.

जमशेटजींचा पांढरा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. त्याहून आमच्या मनात राहिले ते त्यांचे एक जुने चित्र. जमशेटजी शुभ्र पायघोळ अंगरखा घालून खुर्चीवर बसले आहेत; डोक्यास पारशी पद्धतीची पगडी, मुद्रा शांत, थोडी थकलेली. त्यांच्या पाठीमागे एक चिनी तरुण उभा आहे. चित्राखालच्या ओळीत धन्याचे संपूर्ण नाव आहे. ह्या तरुणाविषयी लिहिले आहे ते एवढेच, की तो त्यांचा चिनी सेवक.